ती कॅप्सूल न घेता बदललेला गुडघा

गुडघा कापणाऱ्या डॉक्टरांची मला काडीचीही भीती वाटली नाही. भीती वाटली ती भूल देणाऱ्या मॅडमची. त्यांच्या ट्रेमध्ये कुठली औषधं असतात हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाशी माझी जुनी ओळख होती.

मी मंदाकिनी, राहणार औसा. लग्नाकार्यात पोळ्या करून देणं हा माझा धंदा. आम्ही सहा बायका आहोत. तीनशे पानं असोत नाहीतर हजार, पोळी ताटात गरम आणि मऊच पडली पाहिजे, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. लोक मला मंदामावशी म्हणतात. माझ्या बायका माझ्या पाठीमागं फौजदारीण म्हणतात, तेही मला माहीत आहे. शाळा सातवीपर्यंतच झाली, म्हणून हे लिहायला माझ्या लेकीची, रेखाची, मदत घेतली. ऱ्हस्व-दीर्घ तिचं, तोंड माझं.

दुखण्याच्या जालीम गोळ्यांची ज्यांना सवय लागली होती, मोठ्या कष्टानं सुटली, आणि आता ऑपरेशन पुढ्यात येऊन उभं आहे, अशा माणसांसाठी मी हे सांगतेय. अशी माणसं आपल्याकडं कमी नाहीत, फक्त कुणी बोलत नाही. बाकीच्यांनी वाचलं तरी काही बिघडणार नाही.

घोड्यावानी पळसाल

पोळ्या लाटायला आम्ही खाली बसतो, एक पाय मुडपून. वीस वर्षं मी उजवा पाय मुडपला. पन्नाशीच्या आधीच तो गुडघा बोलायला लागला. तेल लावलं, शेकलं, पट्टा बांधला. शिरूर अनंतपाळला एका लग्नात मला उठताच येईना, तेव्हा तिथल्या आचाऱ्यानं खिशातून एक कॅप्सूल काढून दिली. म्हणाला, "मावशी, ही घ्या. घोड्यावानी पळसाल."

आणि मी खरंच पळाले. त्या दिवशी चारशे पानांच्या पोळ्या झाल्या, वर मी बायकांना गाणी म्हणून दाखवली. दुखणं तर गेलंच, पण अंगावर कुणी मऊ गोधडी पांघरावी तसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी त्या कॅप्सूलचं रिकामं पाकीट घेऊन मेडिकलवर गेले. डॉक्टरांची चिठ्ठी मागायला हवी होती, ती दुकानदारानं मागितली नाही.

दिवसाला एक होती ती दोन झाली, वर्षभरात सहावर गेली. गुडघ्याचं दुखणं बाजूला राहिलं आणि कॅप्सूल हेच दुखणं झालं. घ्यायला उशीर झाला की घाम फुटायचा, पाय ओढायचे, नाक गळायचं, जांभया यायच्या, आणि समोर येईल त्याच्यावर मी खेकसायचे. ते औषध अफूच्या जातीचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगणार आहे तिथं रेखाचा हात थांबला. मी म्हणाले, लिही. त्याच काळात माझ्या सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर झाला. त्यांना डॉक्टरांनी तीच कॅप्सूल रीतसर चिठ्ठीवर लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एक. द्यायचं काम माझ्याकडं होतं. सकाळची मी त्यांना द्यायचे. संध्याकाळची बऱ्याचदा मी खायचे. त्या कण्हायच्या, आणि त्यांची गोळी पोटात घालून मी त्यांचे पाय चोळत बसायचे. याच्याइतकं वाईट मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

त्या गेल्यावर महिन्याभरात, माहेरी आलेल्या रेखाला कणकेच्या डब्यात तळाशी रिकामी पाकिटं सापडली. ती नांदेडला सासरी असते, शाळेत शिकवते. तिनं आरडाओरडा केला नाही. मला गाडीत बसवलं आणि नांदेडच्या मनाच्या डॉक्टरांपुढं नेऊन उभं केलं. पहिले दहा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पुढं वर्षभर औसा-नांदेड असे हेलपाटे घातले. सुटली. त्याला आता चार वर्षं होऊन गेली. घरात हे फक्त मालकांना आणि रेखाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना सांगितलं की मंदाला झोपेचा त्रास आहे.

लातूरचा एक्स-रे

कॅप्सूल सुटली, पण गुडघा होता तिथंच होता. लातूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "गादी राहिलीच नाही, मावशी. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल."

मी एकच विचारलं, "नंतर दुखतं का?"

"दुखणार की. पण काळजी करू नका, आपल्याकडं जालीम औषधं आहेत."

डॉक्टरांनी मला धीर द्यायला ते सांगितलं होतं. मी मात्र एक्स-रे काखेत मारून बाहेर पडले ती थेट बस स्टँडवर. जालीम म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. गुडघा बदलून मिळेल, पण त्या औषधाचा एक थेंब अंगात गेला आणि जुनी मंदा जागी झाली तर? पुन्हा ते पाकीट, पुन्हा तो कणकेचा डबा. त्यापेक्षा लंगडं मेलेलं बरं, असं ठरवून मी दोन वर्षं काढली.

मग जळकोटला एका लग्नात मला बायकांनी काखेत हात घालून उचललं. भर मांडवात, पाहुण्यांच्या पुढं. ज्यांना मी वीस वर्षं दरडावलं त्या बायका मला उचलत होत्या आणि एकही हसली नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात रेखाचा फोन आला, नांदेडला ऑपरेशन करून घेऊ म्हणून, आणि मी हो म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी मालकांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टरला त्ये जुनं सांगू नको."

"का बरं?"

"ते फाईलीत लिहितेत. फाईल जावयाच्या हातात जाती. लेकीला उद्या कुणी बोललं तर?"

मालक वाईट माणूस नाही. भित्रा आहे, आणि लेकीवर त्याचा जीव आहे. मी मान हलवली.

काही व्यसन?

नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी भुलीसाठी तपासणी असते. मॅडम पस्तिशीच्या असतील, मूळच्या देगलूरच्या. हसून बोलणाऱ्या. बीपी, शुगर, दमा, दात हलतात का, सगळं विचारून झालं आणि त्या म्हणाल्या, "काही व्यसन? तंबाखू, मिसरी, आणखी काही?"

"न्हाई," मी म्हणाले. "सुपारी तेवढी."

रेखा माझ्याकडं बघत राहिली. मॅडमनी सही केली, आम्ही बाहेर आलो. बाकड्यावर बसले. मनात म्हटलं, मंदे, हीच ती बाई, जिच्या हातात सुई आहे. हिच्याशी खोटं बोलून तू कुणाला फसवतेस? उठले, भिंतीला धरत परत गेले. आत दुसरा पेशंट बसला होता. त्याला म्हणाले, "दादा, दोन मिनिटं भायेर थांबा."

आणि सगळं सांगितलं. कॅप्सूल, सहा, नांदेडचे डॉक्टर, चार वर्षं. सासूबाईंचं तेवढं नाही सांगितलं. मला वाटलं आता मॅडम तोंड वाकडं करतील. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"बरं झालं सांगितलंत. आता मला नीट काम करता येईल."

मग त्यांनी बेत समजावला. दुखणं एकाच जालीम औषधानं दाबायचं, ही एक रीत. दुसरी रीत अशी की चार-पाच साध्या गोष्टी एकत्र लावायच्या. पॅरासिटामॉल, सूज उतरवायची गोळी, मांडीतल्या शिरेजवळ बधिर करायचं औषध, तेच औषध सर्जन गुडघ्याभोवती सोडणार, आणि वरून बर्फ.

माझा अपमानच झाला. "पॅरासिटामॉल? तापाची गोळी? गुडघा कापून काढणार आन् तापाची गोळी देणार?"

त्या हसल्या. "एकटी नाही देणार ना. प्रत्येकीचं काम थोडं. पण सगळ्या मिळून आणि वेळेवर. दुखायच्या आधी."

हे मला लगेच कळलं. हजार पानांच्या पोळ्या एका बाईनं लाटायच्या म्हटल्या तर ती मरेल, आम्ही सहाजणी हसत करतो. फक्त कुणाचा हात थांबता कामा नये, नाहीतर तवा रिकामा जळतो.

मॅडमनी एक गोष्ट मात्र कबूल केली नाही. "ते औषध अजिबात लागणार नाही, असं वचन मी देत नाही. लागलंच तर थोडं, मोजून, माझ्या नजरेखाली. आणि घरी न्यायला एकही गोळी नाही. दुसरं, सोसायचं नाही. दुखलं की सांगायचं. सोसण्याला इथं बक्षीस नाही." त्यांनी माझ्या किडनीचे रिपोर्ट पुन्हा पाहिले, कारण सुजेची गोळी सगळ्यांना चालत नाही. माझ्या जुन्या मनाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आणि फाईलवर लाल पेनानं लिहिलं की, अफूच्या जातीचं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय देऊ नये.

संध्याकाळी ती फाईल जावयाच्या हातात गेलीच. त्यांनी ते लाल अक्षर वाचलं, परत वाचलं. माझा जीव कानात गोळा झाला होता. ते म्हणाले, "मामी, एवढं सगळं झालं आणि आम्हाला पत्ता नाही? मी तुम्हाला उगाच दर वेळी झोपेसाठी दूध-जायफळ पाजत बसलो." मला हसू फुटलं ते आवरेना. चार वर्षं मालक ज्या गोष्टीला भ्याले होते ती एवढीशी निघाली.

ठाक ठाक

ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर गोळ्या दिल्या. आत कमरेत सुई टोचली, ती मुंगीएवढी. मांडीवर गार मलम लावून मशीनच्या पडद्यावर शीर शोधली आणि तिथं औषध सोडलं. थोड्या वेळानं उजवा पाय माझा राहिला नाही. कापडी पडद्यापलीकडं ठाक ठाक आवाज, सुतार चौकट बसवतो तसा. मी जागी होते. मॅडम डोक्याशी बसून विचारत होत्या, "मावशी, पोळी मऊ राहायला कणकेत काय घालता?"

"काय बी न्हाई घालीत. कणीक भिजवून निवांत ठिवायची. तुमच्या वयाच्या पोरींना दम नसतो, म्हणून पोळी वातड हुती."

पडद्यापलीकडून सर्जन हसले. ठाक ठाक पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी मला वॉकर देऊन उभं केलं. चार पावलं टाकली. दुखलं? ओढल्यासारखं झालं, बस. ते औषध? एक थेंब नाही. मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं रेखाला म्हणाले, "जितले गं बाई, जितले!" घाई झाली माझी.

चतुर्थी

त्याच रात्री माझी नणंद कौसाबाई जळकोटहून आली, दवाखान्यात माझ्याजवळ राहायला. कौसा म्हणजे त्याच सासूबाईंची लेक. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली, आणि मनानं चांगली. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी बारा वर्षांची असल्यापासून चतुर्थी धरते. दवाखान्यात होते म्हणून काय झालं?

पहाटे सिस्टरनी हातावर गोळी ठेवली. मला काहीच दुखत नव्हतं. मांडीतलं औषध अजून उतरलं नव्हतं, हे मला कुठं माहीत? वाटलं, दुखतच नाही तर गोळी कशाला? त्यात उपाशीपोटी. कौसा म्हणाली, "गरम पडती गोळी उपासाला. चंद्र निघल्यावर घे की एकदाच." सिस्टर वळल्या आणि मी गोळी सुपारीच्या चंचीत टाकली. सकाळची सुजेची गोळी, तीही चंचीत. दुपारची, तीही. तिन्ही वेळा सिस्टरना वाटलं की मी गिळली. गोळ्या लपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पूर्वी खायला लपवायचे, आता न खायला लपवल्या, एवढाच फरक.

चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली. वॉर्डात पाहुणेच पाहुणे. आणि गुडघ्यात कुणीतरी निखारा ठेवला.

आधी म्हटलं, जाईल. मग दात आवळले. मग चादर मुठीत धरली. दहा मिनिटांत मी ओरडायला लागले. कौसा पळत जाऊन सिस्टरना घेऊन आली. पाळी बदलली होती, या सिस्टर नव्या होत्या. त्यांनी फोनवर ड्युटीच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गुडघ्याच्या पेशंटला नेहमी देतात ते इंजेक्शन सांगितलं. ट्रेमध्ये ती छोटीशी काचेची कुपी आली. नाव वाचता येईल इतक्या जवळ, कॅप्सूलवरचंच नाव.

खरं सांगते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चार वर्षांनी माझ्या अंगानं ती कुपी ओळखली, डोक्याच्या आधी. मला ती हवी होती. आणि हवी म्हणायला कारणही होतं, डॉक्टरांनी सांगितलंय, दुखतंय, घरचं माणूस शेजारी उभं आहे. मला कुणी नाव ठेवणार नव्हतं. कौसा तर म्हणत होती, "घे ना माय, कशाला सोसून राहिलीस?"

सिस्टरनी कुपीचं तोंड मोडायला बोटं लावली.

"सिस्टर, थांबा." माझा आवाज फाटला होता. "मला ह्या औषधाची सवय व्हती. नशा म्हना. सुटलीय. फाईलवर लाल अक्षरात लिहिलंय, बगा. भुलीच्या मॅडमला बोलवा."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा अख्खा गोतावळा माझ्याकडं बघत होता. कौसाचं तोंड उघडंच राहिलं. सिस्टरनी फाईल उघडली, ते लाल अक्षर पाहिलं, कुपी परत ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, पाच मिनिटं दम धरा. मॅडमना बोलावते." त्यांनी धावत जाऊन फोन केला.

मॅडम आल्या त्या विचारतच. "शून्य ते दहात किती दुखतंय?"

"अकरा."

"गोळ्या घेतल्या होत्या ना?"

मी उशीखालची चंची काढून त्यांच्या हातावर उपडी केली. सुपारीचं खांड आणि तीन गोळ्या. त्यांनी गोळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ह्या साठवल्या का?"

"चतुर्थी हाय," मी म्हणाले.

रागवावं की हसावं हे त्यांना कळेना. "मावशी, उपवास पोटाचा धरा. गोळीचा धरू नका. साबुदाणा चालतो ना? मग चार घास खा आणि ही सुजेची गोळी माझ्यासमोर घ्या." पॅरासिटामॉल सलाईनमधून सोडलं. गुडघ्याभोवती बर्फाच्या पिशव्या बांधल्या. मशीन आणून मांडीत पुन्हा बधिर करायचं औषध दिलं. कौसा वॉर्डभर फिरून कुणाच्यातरी डब्यातली साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. मी रडत रडत खाल्ली, आणि ती फार वाईट झाली होती.

तासाभरात अकराचं चारवर आलं. ते औषध न घेता. त्या तासात मॅडम माझ्या खाटेच्या कडेला बसून होत्या. जायला उठल्या तेव्हा म्हणाल्या, "आज ऑपरेशन थिएटरपेक्षा मोठं काम तुम्ही इथं केलंत." मला खूप अभिमान वाटला, तो मी लपवला नाही आणि आताही लपवत नाही.

वेणी

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा माझे केस विंचरत होती. आदल्या दिवसापासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि कौसा गप्प म्हणजे आभाळ भरून येणं. फणी चालता चालता थांबली.

"वैनी, मायच्या गोळ्या कमी पडायच्या. पाकीट टायमाच्या आधी सरायचं."

मी मान खाली घातली. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती, आणि इच्छाही.

"तूच?"

"हाव."

फणी माझ्या केसांत तशीच होती. मागं तिचा श्वास ऐकू येत होता. मी तिचा हात धरायला हात मागं नेला तर तिनं तो बाजूला केला.

"त्या मेडिकलवाल्याला मी लई बोलले व्हते गं," शेवटी ती म्हणाली. "कमी गोळ्या देतो म्हनून. भर बाजारात. त्याच्या आईबापाचा उद्धार केला व्हता. बिचारा गप ऐकून घेतला." आणि ती रडायला लागली. आईसाठी रडत होती, मला ते कळत होतं. माझ्याकडं तिला द्यायला काहीच नव्हतं. मी म्हणाले, "कौसा, माझं चुकलं. त्याला माफी न्हाई, ते बी मला कळतंय." तिनं वेणी घातली, करकचून. मग तिनं मोबाईल काढला, सिस्टरना माझ्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या आणि एकेक गजर लावला. त्यानंतरची माझी प्रत्येक गोळी तिच्या हातून गेली, आणि गिळल्यावर ती मला जीभ दाखवायला लावायची, सासुरवाशिणीला करावा तसा जाच. माफ केलं, असं ती म्हणाली नाही.

आता

सहा महिने झाले. मी आता खाली बसत नाही. उंच टेबलावर पोळपाट ठेवून उभ्यानं लाटते, आणि उभं राहिल्यामुळं सगळ्यांच्या चुका आणखी लांबून दिसतात. बायका म्हणतात, फौजदारीणबाईची बढती झाली. औशाच्या किल्ल्यापर्यंत रोज पायी जाऊन येते. गुडघा वाकतो, पाय सरळ होतो, आणि माझ्या घरात दुखण्याची एकही गोळी चिठ्ठीशिवाय येत नाही. पॅरासिटामॉलसुद्धा मोजून. साधी आहे म्हणून मूठभर खायची नसते, तिचंही प्रमाण असतं. हेही मॅडमनीच सांगितलं.

आता कुणी ऑपरेशनला जाताना भेटायला आलं की मी एवढंच सांगते. खायचं-प्यायचं-ओढायचं-टोचायचं जे काही असेल ते भूल देणाऱ्याला आधी सांगा, लाज घरी ठेवा. दुखायची वाट न बघता गोळी वेळेवर घ्या. आणि सोसू नका. मी ओरडले म्हणून वाचले.

सुट्टीच्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. पाचव्या दिवशी घरी सोडलं. जावई रिक्षा आणायला गेले. मी वॉकरवर, कौसा पिशव्या घेऊन, अशा आम्ही दोघी दवाखान्याच्या मेडिकलपुढं औषधं घ्यायला थांबलो. काउंटरवरच्या माणसानं कागद बघून एकेक पाकीट पुढं सरकवलं. गुडघ्याच्या सगळ्या पेशंटांची जी यादी असते तीच माझीही छापली गेली असावी. पॅरासिटामॉल, सुजेची, पोटाची, आणि चौथं पाकीट मी हात न लावताच ओळखलं. दहा कॅप्सूल.

मालक सोबत नव्हते, रेखा शाळेत होती, मॅडम आत थिएटरमध्ये. पिशवीत टाकलं असतं तर चार पाकिटांत ते कौसालाही कळलं नसतं. माझा हात वॉकरवर होता, तो मी उचलला, आणि एका बोटानं ते पाकीट काउंटरवरून परत त्याच्याकडं ढकललं.

"हे वापस घ्या."

"असू द्या की मावशी. घरी गेल्यावर लई दुखलं तर?"

"दुखलं तर वरडीन. गल्ली गोळा करीन. पर हे न्यायचं न्हाई."

तो माणूस कौसाकडं बघायला लागला, घरच्या शहाण्या माणसाकडं बघतात तसा. कौसानं हातातली औषधांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद उघडून त्याच्यापुढं धरलं.

"त्यातलं अजून काय पडलं आसंल तर तेबी काढून घ्या," ती म्हणाली. "आमच्या घरात ते चालत न्हाई."